चरबीवर चालणारा टेम्पो

१ ऑक्टोबर २०२४, मंगळवार. सकाळी ६.१०
निवृत्तीचा पहिला दिवस. काल शाळेत निरोप समारंभ. शाल, श्रीफळ, वडा, चहा. मुख्याध्यापक भाषणात म्हणाले, इंद्रजितरावांनी चौतीस वर्षं प्रयोगशाळा चकाचक ठेवली. म्हणजे मी काय नुसता फडकं मारत होतो? पद प्रयोगशाळा परिचर होतं हे मान्य. पण परीक्षानळ्या कोणी मांडल्या, द्रावणं कोणी केली? या काळात केमिस्ट्रीचे शिक्षक नऊ बदलले. न बदललेला मी एकटा. तेव्हा भोरमध्ये केमिस्ट्री खरी कोणाला येते, हे वेगळं सांगायला नको.

आजपासून रोजनिशी. संशोधकाला नोंदी लागतात. वाचणारा मीच.

२ ऑक्टोबर, बुधवार
प्रकल्प ठरला. हायवेचे ढाबे, पानशेतची हॉटेलं, भोरची चिकन शॉप्स. जळकं तेल, कोंबडीची चरबी, सगळं गटारात जातं. त्याचं बायोडिझेल करायचं. यूट्यूबवरचा व्हिडिओ तीनदा बघितला, एक पुस्तकही आणलं. सोपं आहे. संस्थेचं नाव: इंद्रजित ग्रीन फ्युएल्स (भोर-वेल्हे). आधी नाव, मग काम. सुलक्षणा म्हणाली, आधी गच्चीवरची टाकी गळतेय ती बघा. बायकोला व्हिजन नसतं असं मी म्हणणार नाही. हिला नाही.

संध्याकाळी फारूककडे गेलो. फारूक म्हणजे माझा वीस वर्षांचा मित्र. शाळेचं फर्निचर त्याच्याच टेम्पोतून यायचं. आता तो रोज संध्याकाळी भोरहून किराणा भरून वर हिर्डोशीला नेतो, रात्री तिथेच मुक्काम करतो आणि सकाळी वाडीवस्तीचं दूध घेऊन खाली डेअरीला येतो. त्याला म्हटलं, दुपारी तू मोकळा असतोस, ढाब्यांवरून ड्रम आणून दे, बदल्यात तुझा टेम्पो जन्मभर माझ्या डिझेलवर.  तो म्हणाला, सर, आणून देतो, पण इंजिनाला काय व्हायला नको. हाये ती एवढी एकच गाडी, ती बसली की घर बसलं. त्याची बायको बानो चहा घेऊन आली आणि तिनेही तेच ऐकवलं. मी दोघांना शब्द दिला. माझा शब्द म्हणजे शब्द.

९ ऑक्टोबर, बुधवार
पाच ड्रम आले. परसात पत्र्याखाली ठेवले. वास आहे, पण कच्च्या मालाला वास असतोच. गल्लीतली सगळी कुत्री कुंपणापाशी बसली आहेत. एका अर्थी मालाच्या दर्जाची पावतीच.

सुलक्षणा नाकाला पदर लावून स्वयंपाक करते. नाटकी स्वभाव.

२० ऑक्टोबर, रविवार
पानशेतला गेलो. रविवारची पुण्याची गर्दी, सगळीकडे भजी तळली जातायत. चार हॉटेलवाल्यांना भेटलो. चौघंही म्हणाले, आमचं तेल पुण्याची एक कंपनी नेती, महिन्याला गाडी येती. भिंतीवर कंपनीचा स्टिकर, त्यावर फोन नंबर. वहीत टिपून घेतला. कंपन्यांना स्थानिक तळमळ कुठून असणार. शेवटी एकाने कढईच्या तळाची खरवड दिली. त्यात अर्धं बेसन होतं. गाळून घेता येईल.

२७ ऑक्टोबर, रविवार
पहिली बॅच. तेलाचं डिझेल व्हायला त्यात कास्टिक सोडा आणि मिथेनॉल घालावं लागतं. मिथेनॉल मिळता मिळत नाही. पुस्तकात दिलंय त्याच्या निम्मं घेतलं. पुस्तकं लिहिणाऱ्यांना मिथेनॉल खपवायचं असतं, हे न कळण्याइतका मी भोळा नाही. ढवळायला सुलक्षणाच्या ताकाची रवी.

दुपारी ४. ड्रममध्ये साबण झाला.

पाणी शिरलं असणार. कोणी शिरवलं? परवा सुलक्षणाने मोठ्या मनाने कॅन धुऊन ठेवले होते. तिला विचारलं तर म्हणाली, घाण कॅन धुवायचे नाहीत तर काय. मग त्यातला एक गोळा घेऊन तिने कढई घासली आणि म्हणाली, बरा निघाला, याचंच करा काहीतरी. चौतीस वर्षांच्या अनुभवाचा भांडी घासायचा साबण. मी जेवलो नाही.

रात्रीही जेवणार नव्हतो. पण पिठलं होतं.

३ नोव्हेंबर, रविवार, भाऊबीज
दुसरी बॅचसुद्धा बिघडली. तेलातलं बेसन उतू गेलं. दिवाळीच्या चकल्यांचं उरलेलं तेल न विचारता घेतलं म्हणून सुलक्षणाने भावासमोर तोंड सोडलं. मेहुणा म्हणाला, भावजी, आता आराम करा. लोकांना माणूस पुढे गेलेला बघवत नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी ५.४०
झालं. तिसरी बॅच. वर सोनेरी, पारदर्शक द्रव. वात करून पेटवली, पेटली. पुस्तकात तीन-चार टेस्ट सांगितल्या आहेत. पेटलं म्हणजे इंधन, याच्यापुढे कसली टेस्ट?  बाबा असते तर, असं वाटलं. ते मला नेहमी म्हणायचे, तुझ्या हातून काही धड होणार नाही.

१ डिसेंबर, रविवार
फारूकला पहिले दोन कॅन दिले. हार घातला. नारळ फोडला. फारूकने झाकण उघडून वास घेतला आणि पटकन लावून टाकलं. म्हणाला, सर, घरी जाऊन निवांत टाकतो, हितं सांडल. काळजीने वागतो, हे मला आवडलं.

८ डिसेंबर, रविवार
फारूकला विचारलं, कशी चालते? म्हणाला, लई झकास. ॲव्हरेज? वाढलंय. धूर? न्हाईच. आवाज? मऊ झाला. मी एकेक गोष्ट वहीत लिहून घेतली. तो जरा खाली बघत बोलत होता. मोठ्या शोधाचा साक्षीदार व्हायचं म्हणजे साध्या माणसाला संकोच वाटणारच.

२२ डिसेंबर, रविवार
आज तीन आठवडे झाले. रोज एक कॅन. फारूक रोज नेतो, रोज रिकामा कॅन धुऊन परत आणतो. एकदाही तक्रार नाही.

मुख्याध्यापकांना भेटलो. १२ जानेवारीला शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे. म्हटलं, गेटवर माझा टेम्पो उभा करतो, इंजिन चालू ठेवतो, आणि बोर्ड लावतो: सहा आठवडे शंभर टक्के चरबीच्या डिझेलवर. ते म्हणाले, अरे वा, ठेवा की. आत एक टेबलही देतो म्हणाले. ज्या प्रयोगशाळेत मी नळ्या विसळल्या तिच्याच दारात. झोप लागत नाही.

६ जानेवारी २०२५, सोमवार
वाईट दिवस.

स्कूटरमध्ये पेट्रोल भरायला पंपावर गेलो. तिथली मुलगी म्हणाली, काका, फारूकभाईंच्या गाडीला नवं काय बसवलंय? मी अभिमानाने सांगायला लागलो. ती म्हणाली, न्हाई म्हंजे, डिझेल तर रोज हितनंच भरत्यात, पयल्यासारखंच.

घरी येईपर्यंत डोकं भणभणत होतं. म्हणजे हा माणूस माझं डिझेल पंपाच्या डिझेलमध्ये मिसळतो. भेसळ. माझ्या शुद्ध मालात भेसळ. सुलक्षणा म्हणाली, अहो, तुमचं चालत नसंल म्हणून भरत असतील बिचारे, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून बोलत नसतील. हिचं हे असं. फारूकचा इंधनावर विश्वास आहे, स्वतःवर नाही, हे मी ओळखलं. विश्वासाची कमतरता औषधाने जात नाही. प्रत्यक्ष प्रयोगाने जाते.

शिवाय बोर्डावर शंभर टक्के लिहिलं आहे. बोर्ड रंगवून आलाय. खोटं बोलणं माझ्या तत्त्वात बसत नाही. तेव्हा निदान शेवटचे दोन दिवस तरी टाकीत शंभर टक्के माझंच असलं पाहिजे.

९ जानेवारी, गुरुवार
कडाक्याची थंडी. डोक्याला लावायला खोबरेल घेतलं तर बाटलीत पार गोठलेलं. सुलक्षणाला म्हटलं, एवढंही कळत नाही, बाटली रात्री चुलीपाशी ठेवत जा, सकाळी उन्हात. ती म्हणाली, परसातलं तुमचं कोंबडीचं तेलपण पांढरं झालंय सकाळी. मी शांतपणे समजावलं. ड्रममध्ये गोठतं, टाकीत नाही. टाकीला इंजिनाची ऊब असते. तिने मान हलवली. पटलं असावं.

१० जानेवारी, शुक्रवार. दुपारी २.३०
काम फत्ते.

शुक्रवारी फारूक जुम्म्याच्या नमाजाला जातो. टेम्पो आमच्या दारात लावतो आणि चावी माझ्याकडे देतो. वीस वर्षांचा रिवाज. चावी दिली आणि म्हणाला, सर, येतोच. तो गेल्यावर मी टाकीचा नट खोलला, त्याचं सगळं डिझेल कॅनमध्ये काढलं आणि माझं भरलं. काठोकाठ. ड्रम दोन तास उन्हात ठेवलेला, त्यामुळे माल एकदम सोनेरी होता. आधी त्याला सांगणार होतो. मग विचार केला, सांगितलं तर तो नको म्हणेल, आणि मित्राला नको म्हणायची वेळ आणू नये. रविवारी गेटवर सगळ्यांसमोर सांगेन. त्याचा चेहरा बघायचा आहे.

नमाजाहून येताना त्याने आमच्यासाठी खजूर आणला. चांगला होता.

संध्याकाळी ७.१५
फारूकचा हिर्डोशीहून फोन. सर, पोचलो, पण गाडी आज चढाला खोकत हुती. आन् मागनं भजी तळल्यासारखा वास येतोय. म्हटलं, हवामानाचा परिणाम. तो म्हणाला, आसंल. मग म्हणाला, हितं लई गारठा हाये, तुमी जपा. मी सांगणार होतो, जिभेवर आलं होतं. पण सरप्राइज म्हणजे सरप्राइज.

११ जानेवारी, शनिवार
थोडक्यात लिहितो.

सकाळी आठला गेनूचा फोन. गेनू म्हणजे हिर्डोशीचा दूध गोळा करणारा. तो म्हणाला, गाडी चालूच व्हईना, शेल मारून मारून बॅटरी उतारली. डेअरीची वेळ चाललेली, दुधाच्या किटल्या भरलेल्या. मग समद्यांनी गाडी उताराला ढकलली. दोनदा धरली, आन् वळणावर बंद पडली ती पडलीच. बिरेक दाबंना. बांधावरनं खाली भातखाचरात. समदं दूध गेलं. फारूकभाई खाली सापडलं, खांदा मोडला. तुमी या म्हणत न्हाई, तुमचं नाव ते घेत हुतं म्हणून फोन केला.

विश्लेषण. एक, हिर्डोशीला इतकी थंडी असते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. दोन, इंजिन बंद झालं की ब्रेक जड होतो, एवढं तीस वर्षं गाडी चालवणाऱ्याला माहीत हवं. तीन, ढकलायला नको होती. इंधनाला गरम व्हायला वेळ द्यायचा.

चार. सुचत नाही.

१२ जानेवारी, रविवार
प्रदर्शनाला गेलो. दिलेला शब्द मोडणं बरं दिसत नाही. बोर्ड गेटवर लावला आणि खाली खडूने लिहिलं: वाहन सर्व्हिसिंगला गेले आहे. टेबलावर नमुन्याची बाटली ठेवली. सकाळी नऊला ती पांढरीफेक गोठलेली. काखेत धरून बसलो. मुख्याध्यापक पाहुण्यांना घेऊन आले तेव्हा ती नेमकी काखेत होती. पाहुणे म्हणाले, तूप का? कोणी हसलं नाही, हे जास्त लागलं.

नंतर एका विद्यार्थिनीची आजी आली, धोंडाबाई. तिने बोट बुडवून हाताला चोळलं आणि वास घेऊन पदराला पुसलं. म्हणाली, खोबरेल थंडीत गोठतंय, तूप गोठतंय, डालडा गोठतंय. हे तर चरबीचं. न्हाई गोठणार तर काय व्हईल? मी म्हटलं, आजी, हा केमिस्ट्रीचा विषय आहे. ती म्हणाली, आसंल बाबा, आमी चूलवाल्या.

तिसरं बक्षीस पाण्यावर तरंगणाऱ्या लिंबाला मिळालं.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत
तिळगूळ घेऊन दवाखान्यात गेलो. फारूकच्या खांद्यात प्लेट घातलीय. हात गळ्यात. मी त्याला अर्धा तास क्लाउड पॉइंट समजावून सांगितला. म्हणजे कोणती चरबी किती थंडीत घट्ट होते ते. वहीत आलेख काढून दाखवला. म्हटलं, यात तुझी काही चूक नाही. त्याला बरं वाटावं म्हणून.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, सर, मेकॅनिकनं टाकी खोलली. आत नुसती चरबी थापलेली. म्या तर पंपावरचं भरलं हुतं. टाकीत ते कुणी घातलं? मी म्हटलं, कोणी घातलं हा प्रश्न विज्ञानात येत नाही, काय घडलं एवढंच येतं.   चावी, तो म्हणाला, एवढंच, आणि भिंतीकडे तोंड केलं.

बाहेर त्याची मुलगी अम्रीन उभी होती. कॉलेजात जाते. म्हणाली, काका, तुमचं तेल अब्बांनी गाडीत कधीच घातलं न्हाई. एक थेंब न्हाई. पयल्या दिवशीच मेकॅनिकला दाखवलं, तो म्हणाला इंजिन जाईल. रोजचा माल आमच्या परसात ड्रममध्ये ओतायचे आन् कॅन धुऊन तुम्हाला द्यायचे. अम्मी म्हणायची, सांगून टाका. अब्बा म्हणायचे, माणूस आत्ताच घरी बसलाय, मन मोडंल. आता परसात पाय ठेवायला जागा न्हाई. ते घेऊन जा.

म्हणजे ॲव्हरेज, धूर, मऊ आवाज. वहीत चार पानं आहेत.

तिळगुळाचा डबा घरी तसाच आणला. मुंग्या लागल्या.

२ फेब्रुवारी, रविवार
दुधाचा फेरा दुसऱ्या टेम्पोला गेला. फारूकच्या गाडीचा पंप, इंजिन, पुढचा सांगाडा, सगळं गेलेलं. भंगारवाल्याने उचलून नेली म्हणतात. मी बघायला गेलो नाही. अशा गोष्टी बघून माणूस खचतो, आणि मला खचून चालणार नाही.

फारूकला पत्र लिहायला घेतलं. चौदा पानं झाली. तेरा पानांत प्रक्रियेची माहिती आहे. चौदाव्या पानावर माफी मागायची होती, पण तिथे आकृती आली.

१ मार्च, शनिवार
संकल्प: फारूकच्या घरी जाणे. आज नाही. अमावास्या नुकतीच झालीय, अंगात कणकण आहे.

९ मार्च, रविवार
गेलो होतो. गल्लीच्या तोंडापर्यंत. तिथून वळलो. ऊन फार होतं.

३१ मार्च, सोमवार, ईद
बारा वाजता अम्रीन शिरखुर्म्याचा डबा घेऊन आली. दरवर्षीसारखाच. मी सुलक्षणाला म्हटलं, बघ, माणसं विसरतात. मनावरचं मोठं ओझं उतरलं. दोन वाट्या घेऊन बसलो.

अम्रीन दारातच उभी. म्हणाली, अम्मीनं सांगितलंय, डबा लगेच मोकळा करून घेऊन ये. सुलक्षणा म्हणाली, अगं ठेवून जा, रिकामा डबा कसा देऊ, उद्या काहीतरी घालून पाठवते. आमच्यात त्यांच्यात वीस वर्षांत डबा रिकामा गेला नाही. दिवाळीत लाडू, ईदला शिरखुर्मा, डबा सतत कोणाच्या तरी घरी भरलेला. अम्रीन म्हणाली, न्हाई काकी, रिकामाच आण म्हणालीय. धुऊन.

सुलक्षणाने डबा धुतला, पुसला, दिला. मग स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. मी दुसरी वाटी संपवली. टाकून देणं अन्नाचा अपमान.

१९ एप्रिल, शनिवार
नगरपालिकेची नोटीस. परसातले ड्रम आठ दिवसांत हलवा, वासाच्या तक्रारी आहेत. गल्लीतल्या बाराही घरांच्या सह्या. पहिली सही कोणाची ते बघितलं. सुलक्षणाची.

तिला जाब विचारला. म्हणाली, व्हय, केली. चिडली की ती माहेरचं बोलते. मग म्हणाली, तुमच्या वहीतल्या त्या पानशेतच्या कंपनीच्या नंबरला फोन लावलाय. ती कंपनी कसलंबी टाकाऊ तेल नेती. येत्याल शनिवारी.

रात्री विचार केला. वाईट नाही. कंपनीचे लोक येतील, माल बघतील, कदाचित विचारतील की हे कोणी केलं. पुण्यात माझ्यासारख्या माणसाची गरज असू शकते. बायोडेटा काढून ठेवला.

२६ एप्रिल, शनिवार. दुपारी १
इस्त्रीचा शर्ट घातला. अकराला कंपनीची पिकअप आली. ड्रायव्हर उतरला. फारूक.

कंपनीचा निळा शर्ट. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली. माझ्याकडे बघून त्याने मान हलवली, कोणत्याही हॉटेलवाल्याला बघून हलवतात तशी. मी म्हटलं, फारूक, बरा आहेस? त्याने ड्रम किती ते विचारलं. सांगितलं. मी विचारलं, तुझ्या परसातला माल कुठे आहे?  म्हणाला, ते आमी पुरलं.

सगळं लिहून ठेवलं पाहिजे म्हणून लिहितो. त्याने एकेक ड्रम उघडला. एकाच हाताने. काठी घालून ढवळलं, कागदी पट्टी बुडवली, बघितलं, पुढचा ड्रम. मी शेजारी उभा होतो, बायोडेटा खिशात. शेवटी म्हणाला, हे घेता यायचं न्हाई. मी म्हटलं, तुम्ही तर कसलंही घेता. म्हणाला, टाकाऊ तेल घेतो. कुजकंबी घेतो. ह्यात साबण हाये, कास्टिक हाये, पाणी हाये, मधीच अर्धवट काय काय झालंय. हे ना तेल राहिलं ना डिझेल. टाकीत मिसळलं तर बाकीच्यांचंबी नासंल.

मी सांगणार होतो की मला माफ कर. खरंच सांगणार होतो. वाक्य तयार होतं. पण त्याने पावतीपुस्तक काढलं, मान खाली घालून पेन उघडलं आणि म्हणाला, रिजेक्टची पावती करावी लागती. पार्टीचं नाव सांगा.

मी सांगितलं. त्याने लिहून घेतलं. आडनावही विचारलं.

सही केली. पिकअप गेली. सुलक्षणा म्हणते, उद्या सकाळी ऊन चढायच्या आत परसात खड्डा घ्या. फावडं शेजारून आणायला सांगितलंय.